दुसरी तबकडी आणि श्रोत्यांचा कौल



आज मी आपल्याशीं एका ग्रामोफोनच्या तबकडीविषयीं बोलणार आहें. जन्मभर मुलांना शुद्धलेखन आणि त्रैराशिक शिकविणाऱ्या, मॅट्रिकच्या पुढें न गेलेल्या एका शिक्षकानें विलायती संगीतावर बोलावें, हें कित्येकांना धारिष्टाचें वाटेल. म्हणून आरंभींच सांगून टाकतों कीं, संगीतशास्त्रांत मला कांहीं अधिकार नाहीं. अधिकार असलाच तर तो एका गोष्टीचा. दुसऱ्यानें केलेल्या कामाला गुण देण्याचा. छत्तीस वर्षें मीं तांबड्या शाईनें वह्या तपासल्या. त्या शाईचे डाग बोटांवरून केव्हांच गेले. मनावरून मात्र एक डाग अद्याप गेलेला नाहीं. त्याची हकीकत ओघांत येईलच.

गेल्या दिवाळींत माझी नात सुटीला आली ती तबकड्या वाजविण्याचें एक यंत्र बरोबर घेऊन. मध्यंतरीं अडगळींत गेलेल्या त्या काळ्या तबकड्या हल्लीं पुन्हां विकत मिळूं लागल्या आहेत. तिनें जी पहिली तबकडी लावली तिचें नांव 'रॅम'. सौभाग्यवतीनें तें 'राम' असें ऐकलें आणि हातांतलें काम बाजूस ठेवून ती भक्तिभावानें येऊन बसली. पुढें वेष्टणावरील चित्रांत एक दाढीवाला तरुण दोन्ही हातांनीं एका मेंढ्याचीं शिंगें धरून बसलेला दिसला, तेव्हां तिला उलगडा झाला. इंग्रजींत 'रॅम' म्हणजे एडका. "असो," ती म्हणाली, "आतां बसलेंच आहें तर ऐकतें." मला वाटतें, चांगल्या श्रोत्याचें एवढेंच लक्षण पुरेसें आहे.

तो दाढीवाला तरुण म्हणजे पॉल मॅकार्टनी. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहराच्या ज्या चार मुलांनीं 'बीटल्स' या नांवानें १९६० नंतरच्या दशकांत साऱ्या जगाला वेड लावलें, त्यांतला हा एक. स्वतः गीत रचावें, स्वतःच त्याला चाल लावावी आणि स्वतःच तें गावें, अशी त्याची रीत. अशा कलावंताला आपल्या शास्त्रांत 'वाग्गेयकार' असा अर्थपूर्ण शब्द आहे. तेराव्या शतकांत आपल्याच देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' या ग्रंथांत वाग्गेयकाराची प्रतवारी लावून ठेवली आहे. वाक् म्हणजे शब्द आणि गेय म्हणजे स्वररचना. हीं दोन्ही ज्याला साधतात तो उत्तम. ज्याची स्वररचना सरस, परंतु शब्द दुबळे, तो मध्यम. आणि ज्याचे शब्द रम्य, परंतु स्वररचना मंद, तो अधम. शब्दांपेक्षां स्वरांना त्यानें अधिक मान दिला आहे, हें कृपा करून लक्षांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग आहे.

आतां ही तबकडी कोणत्या घटकेला जन्मली तें पाहूं. १९७० सालच्या एप्रिल महिन्यांत मॅकार्टनी बीटल्समधून बाहेर पडल्याची वार्ता जगजाहीर झाली. त्याच महिन्याच्या १७ तारखेला त्याची पहिली स्वतंत्र तबकडी निघाली. तिच्यांतील जवळजवळ सर्व वाद्यें त्यानें एकट्यानेंच वाजविलीं होतीं आणि बराचसा भाग घरींच ध्वनिमुद्रित केला होता. पुष्कळांना ती एखाद्या कच्च्या खर्ड्यासारखी वाटली. तरीहि घरांतून नुकत्याच वेगळ्या झालेल्या माणसाच्या पहिल्या बिऱ्हाडाला आपण जशी नांवें ठेवीत नाहीं, तसें तिचें बरेंचसें निभावलें. पुढें ३१ डिसेंबर १९७० रोजीं त्यानें बाकीच्या तिघांविरुद्ध लंडनच्या न्यायालयांत भागीदारी मोडण्यासाठीं दावा लावला आणि १२ मार्च १९७१ रोजीं न्यायालयानें त्या भागीदारीच्या मिळकतीवर रिसीव्हर नेमला. एकत्र कुटुंबांत जो भाऊ प्रथम वाटणीची मागणी करतो त्याच्याकडे भावकी कोणत्या नजरेनें पाहते, हें आपणांस सांगावयास नको. मागणी वाजवी होती कीं नाहीं हें कोणी विचारीत नाहीं. घर ह्यानें मोडलें, एवढेंच लोक बोलतात. अशा या वेळीं, त्या निकालानंतर अवघ्या दोन महिन्यांनीं, १९७१ च्या मे महिन्यांत 'रॅम' बाहेर पडली. तेव्हां मॅकार्टनीचें वय २८ वर्षांचें होतें.

पहिल्या तबकडीवर ती ओबडधोबड असल्याचा आक्षेप आला होता, म्हणून कीं काय, या खेपेस त्यानें न्यूयॉर्कला जाऊन कसबी वादक गांठले. डेव्हिड स्पिनोझा व ह्यू मॅकक्रॅकन हे गिटार वाजविणारे आणि डेनी सायवेल हा ढोलवादक. कांहीं गाण्यांत तर न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या प्रख्यात वाद्यवृंदांतील वादक आहेत. तबकडीवर मात्र नांवें दोघांचीं घातलीं: पॉल आणि लिंडा मॅकार्टनी. लिंडा ही त्याची पत्नी. व्यवसायानें छायाचित्रकार, शिकलेली गायिका नव्हे. आणि गाण्यांचे विषय कोणते? तीन पायांचें कुत्रें, खेड्यांतला निवांतपणा, घरांतलीं माणसें, एक काका, एक आरमारी अधिकारी, मोटारींतून निघालेलें एक तरुण जोडपें. स्कॉटलंडांतील आपल्या शेतावर हें दांपत्य मुलाबाळांसह राहत असे. तेथलें वारें साऱ्या तबकडींत खेळतें आहे.

यावर जाणत्यांचा निकाल काय पडला? 'रोलिंग स्टोन' या अमेरिकेंतील वजनदार पाक्षिकांत जॉन लँडाउ या टीकाकारानें, मागच्या दशकांतील रॉक संगीताची जी नासाडी चालली होती तिनें या तबकडींत तळ गांठला, अशा आशयाचें लिहिलें. रॉबर्ट क्रिस्टगाउ या दुसऱ्या टीकाकाराची पद्धत आम्हां मास्तरांसारखीच, म्हणजे प्रत्येक तबकडीला अक्षरानें श्रेणी देण्याची. त्यानें 'सी'च्या पुढें एक अधिकचिन्ह मांडून विषय संपविला. जुना सोबती रिंगो स्टार यानें, या तबकडींत एकहि चाल नाहीं, असें वर्तमानपत्राला सांगून हळहळ व्यक्त केली. जॉन लेनन याला तर पहिल्याच गाण्यांत आपणांस मारलेले टोमणे ऐकूं आले, आणि ते अगदींच निराधार होते असें नाहीं. त्यानें त्याच वर्षीं 'इमॅजिन' या आपल्या तबकडींत एक आख्खें गाणें उत्तरादाखल घातलें. शिवाय तिच्यासोबत एक चित्र दिलें, त्यांत लेनननें एका डुकराचे कान धरले आहेत. मेंढ्याच्या शिंगांना हें प्रत्युत्तर! दोन थोर कलावंत भांडूं लागले म्हणजे तेहि आपल्या मधल्या सुटींतल्या मुलांसारखेच भांडतात.

आतां श्रोत्यांचा कौल पाहूं. इंग्लंडांत ही तबकडी विक्रीच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेली, अमेरिकेंत दुसऱ्या. तिच्यांतील 'अंकल अल्बर्ट-ॲडमिरल हॅल्सी' हें जोडगाणें १९७१ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर पोंचलें आणि पुढें त्यांतील वाद्यसंयोजनासाठीं त्याला ग्रॅमी पारितोषिकहि मिळालें. तथापि एवढ्यावरून श्रोत्यांनीं टीकाकारांना खोटें पाडलें असा निष्कर्ष काढण्याची घाई मी करणार नाहीं. पुष्कळांनीं ती केवळ नांवावर विकत घेतली असेल. शिवाय इंग्लंडांत याच तबकडींतील शेवटचें गाणें स्वतंत्रपणें निघालें, तें बिचारें ३९ व्या क्रमांकापलीकडे सरकलें नाहीं. विक्री हा श्रोत्यांचा खरा कौल नव्हे. आपल्या संगीत नाटकांच्या काळीं तिकीट काढलें म्हणजे पसंती दिली असें कोणी मानीत नसे. पद संपल्यावर 'वन्स मोअर' आला तर ती पसंती. तबकडीच्या बाबतींत तेंच. तिच्यावर दुसऱ्यांदा सुई ठेवावीशी वाटली, दहा वर्षांनीं वाटली, आपल्यामागें मुलांना वाटली, तर तो कौल. आणि हा कौल मिळावयास वेळ लागतो.

मग टीकाकारांच्या कानांत दोष होता काय? तसेंहि नाहीं; आणि याच ठिकाणीं मला या प्रकरणाची खरी गोडी वाटूं लागली. त्याच १९७१ सालीं कॅरोल किंग या बाईंची 'टॅपेस्ट्री' ही तबकडी निघाली. तीहि त्यांची दुसरी स्वतंत्र तबकडी. तिच्यांतहि घर, मैत्री, विरह असेच साधे विषय. त्याच लँडाउ यांनीं थोडेच दिवस आधीं त्याच पाक्षिकांत तिची मनापासून वाखाणणी केली होती. ती १५ आठवडे अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर राहिली आणि वर्षांतील सर्वोत्तम तबकडीचें ग्रॅमी पारितोषिक तिला मिळालें. म्हणजे घरगुती गाणें टीकाकारांना कळत नव्हतें असें नाहीं. फरक होता तो अपेक्षेंत. कॅरोल किंग यांनीं दहा वर्षें पडद्याआड राहून इतरांसाठीं गाणीं रचलीं होतीं. त्यांची पहिली तबकडी फारशी कोणाच्या कानांवर गेली नव्हती. त्यांच्यापाशीं जगाचें कांहीं येणें नव्हतें. म्हणून जें मिळालें तें लोकांनीं दोन्ही हातांनीं घेतलें. मॅकार्टनीपाशीं मात्र साऱ्या जगाचें येणें होतें. लोकांना त्याच्याकडून एक मोडलेलें घर परत हवें होतें, आणि त्यानें हातावर ठेवलें एका मेंढ्याचें चित्र. त्या चिडींत गाणें ऐकण्याचें राहून गेलें.

आमच्या घरांतहि मतभेद कांहीं थोडे झाले नाहींत. नातीचें मत अर्थातच अनुकूल होतें. ती म्हणाली, "आजोबा, यांत एक चाल संपतां संपतां दुसरी उगवते. पुढें काय येईल तें कळत नाहीं, म्हणून तर मला हें आवडतें." मला नेमकें तेंच खटकलें. तें काकांचें गाणें आरंभीं काकांची क्षमा मागतें, मध्येंच मेघगर्जना होते, मग कोणी टेलिफोनवर बोलल्यासारखें करतो, आणि तेवढ्यांत तो आरमारी अधिकारी अवतरतो. मीं म्हटलें, "अग, ही धरसोड झाली. एका परिच्छेदांत एकच विचार असावा, हें तुला शाळेंत शिकविलें नाहीं काय?" ती शांतपणें म्हणाली, "पण आजोबा, हा निबंध नाहीं." सौभाग्यवतीला गाण्यांतले इंग्रजी शब्द कळत नव्हते. तिचें लक्ष मागच्या आवाजाकडे होतें. ती म्हणाली, "अहो, ती मागून गाणारी बाई शिकलेली दिसत नाहीं. आपल्याकडे मंगळागौरीला घरच्या बायका गातात ना, तसा तिचा आवाज आहे. पण तो काढून टाकला तर गाणें ओकेंबोकें होईल." लिंडाच्या त्याच आवाजाची त्या काळीं टीकाकारांनीं टर उडविली होती. गीतांचे हक्क ज्यांच्याकडे होते त्या प्रकाशकांनीं तर, ही बाई गीतें रचूंच शकत नाहीं, असा वाद घालून सहरचनाकार म्हणून तिचें नांव मान्य करण्याचें नाकारलें. इकडे, इंग्रजी न जाणणाऱ्या एका गृहिणीला पहिल्याच ऐकण्यांत कळलें कीं, हें गाणें दोघांचें आहे.

माझें मत बदललें तें तिसऱ्या खेपेस. मी वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. ऐकावयाचें असें मनांत नव्हतें. शेवटचें गाणें लागलें. तें हळू, एकट्या गळ्यानें सुरू होतें. मग वाद्यें एकेक करून मिळत जातात आणि अखेरीस सारा वाद्यवृंद त्या हट्टी तरुण जोडप्याच्या बाजूनें उभा राहतो. वर्तमानपत्र हातांतच राहिलें. पहिल्या दोन खेपांना मी गाणें ऐकत नव्हतों, तपाशीत होतों, हें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें. आणि त्याच क्षणीं मला एक वही आठवली.

त्या गोष्टीला तीस वर्षें होऊन गेलीं. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. वर्षाच्या आरंभीं त्यानें 'पावसाळ्यांतील एक दिवस' या विषयावर असा निबंध लिहिला कीं, मीं तो चार वर्गांत वाचून दाखविला. पुढच्या महिन्यांत मीं 'माझा आवडता छंद' हा विषय दिला आणि या मुलाची वही सर्वांत आधीं उघडली. त्यानें लिहिलें होतें कीं, दुपारीं आईजवळ बसून तांदूळ निवडणें हा माझा छंद आहे. खडे कसे ओळखावे, आई त्या वेळीं काय काय बोलते, एवढेंच. पहिल्या निबंधांतील मेघ, मोर, इंद्रधनुष्य कांहीं नाहीं. माझा विरस झाला. माझ्या वर्गांतील नांवाजलेला मुलगा आणि हें काय लिहितो, असा मला राग आला. मीं दहापैकीं चार गुण दिले आणि तांबड्या शाईनें शेरा लिहिला: 'विषय क्षुल्लक. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.'

त्यानंतर वर्षभर त्या मुलानें प्रत्येक निबंध ठरलेल्या दहा ओळींत, वळणदार अक्षरांत, एकहि चूक न करतां लिहिला. मला त्यांत कांहीं शेरा मारण्याजोगें सांपडलें नाहीं. तो आतां चांगल्या हुद्द्यावर आहे. रस्त्यांत भेटला तर वांकून नमस्कार करतो, प्रकृति विचारतो. त्या शेऱ्याविषयीं तो कधीं बोलला नाहीं. मीहि बोललों नाहीं. तांदळाचा तो निबंध मात्र मला आजहि जवळजवळ सगळा आठवतो, आणि पावसाळ्याचा अजिबात आठवत नाहीं.

श्रोतेहो, मीं त्या मुलाच्या निबंधाला गुण दिलेच नव्हते. मीं माझ्या अपेक्षाभंगाला गुण दिले होते. १९७१ सालीं 'रॅम'च्या पुष्कळ परीक्षकांचें असेंच झालें असावें. मॅकार्टनी पडला जगप्रसिद्ध माणूस. त्याला अशा शेऱ्यांनीं फारसें कांहीं झालें नाहीं, त्यानें पुढें कित्येक तबकड्या काढल्या. परंतु आपल्या घरांत, शाळेंत, शेजारींपाजारीं जीं मुलें आपलें दुसरें चित्र, दुसरें गाणें, दुसरी कविता भीतभीत पुढें करतात, त्यांच्यामागें जगाची कीर्ति उभी नसते. पहिल्या प्रयत्नाला आपण कौतुकानें पाहतों, कारण आपली कांहीं अपेक्षा नसते. पाहिला जातो तो दुसरा प्रयत्न, आणि मोडतो तोहि तोच.

'रॅम'चें पुढें काय झालें तें सांगून टाकतों. २०१२ सालीं ती नव्यानें सिद्ध करून पुन्हां प्रसिद्ध करण्यांत आली, तेव्हां ज्यांच्या जन्मापूर्वीं बीटल्सचें भांडण मिटून गेलें होतें अशा टीकाकारांनीं तिचें मोकळ्या मनानें स्वागत केलें. २०२० सालीं त्याच 'रोलिंग स्टोन'नें आजवरच्या सर्वोत्कृष्ट पांचशें तबकड्यांची यादी केली, तींत 'रॅम' ४५० व्या क्रमांकावर घेतली. म्हणजे ज्या वहीवर शून्याच्या आसपास गुण पडले होते, तीच त्याच परीक्षामंडळानें ४९ वर्षांनीं उत्तीर्ण केली. २०२१ सालीं तबकडीला पन्नास वर्षें झालीं, तेव्हां मूळचा ढोलवादक सायवेल यानें इतर कलावंतांना जमवून तीं सारीं गाणीं पुन्हां गाऊन-वाजवून घेतलीं. लिंडा हें पाहावयास नव्हती. ती १९९८ सालींच निवर्तली.

तरीहि दुसऱ्या टोंकाला जाऊन ही तबकडी निर्दोष आहे असें मी म्हणणार नाहीं. कांहीं गाण्यांचे शब्द खरोखरच पोकळ आहेत. चाल सुचली आणि जे शब्द तोंडांत आले ते राहूं दिले, असें वाटतें. शार्ङ्गदेवाचा दंडक लावला तर तीन-चार गाण्यांत मॅकार्टनी उत्तम ठरेल आणि बाकीच्यांत मध्यम. पण अधम कोठेंहि नाहीं. कारण चाल त्याला एकदांहि सोडून गेलेली नाहीं. त्या काळच्या टीकाकारांनीं नेमका उलटा दंडक लावला: त्यांनीं शब्दांत संदेश शोधला, तो सांपडला नाहीं, आणि स्वर कानांवर पडत असतां ते तसेच जाऊं दिले. मला विचाराल तर मी दहापैकीं सात गुण देईन. नात म्हणते नऊ. सौभाग्यवती म्हणते, गाण्याला कसले गुण देतां?

तेव्हां आपणां सर्वांना, विशेषतः ज्यांच्या हातीं तांबडी शाई आहे त्या पालकांना आणि शिक्षकांना, माझी एकच विनंती आहे. एखाद्याचें दुसरें काम पुढें आलें म्हणजे आपण त्याच्याकडून काय अपेक्षिलें होतें तें एका चिठोऱ्यावर लिहावें आणि तो चिठोरा बाजूस ठेवावा. मग काम पाहावें, ऐकावें, जमल्यास दोन-तीनदां. आणि पहिला शेरा शिसपेन्सिलीनें लिहावा, म्हणजे तो खोडतां येतो. माझा तो शेरा मला आतां खोडतां येत नाहीं. पुढल्या खेपेस तो गृहस्थ रस्त्यांत भेटला, तर तांदळाच्या निबंधाची गोष्ट मीच काढावी, असें मात्र मनांत योजिलें आहे.